ओकचे पिंप आणि पेवाचा वास

मराठी समीक्षेत काही शब्द असे आहेत, की त्यांच्याकडे कोणी कधी हिशेब मागत नाही. 'मुरलेली शैली', 'मुरलेला लेखक', 'अनुभव अजून मुरायला हवा होता' ही वाक्ये परीक्षणांतून, प्रस्तावनांतून आणि प्रबंधांच्या अहवालांतून इतक्या सहजपणे येतात, की आपण एक रूपक वाचतो आहोत याचेही भान राहात नाही. लोणचे बरणीत मुरते तसे लेखन काळात मुरते, एवढाच या रूपकाचा आशय. अलीकडे या घरगुती रूपकाला एक उंची भावंड मिळाले आहे. व्याख्यानाच्या शेवटी वक्ता डोळे किंचित मिटून सांगतो, की अभिजात साहित्य हे ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे ठेवलेल्या वाईनसारखे असते. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी ओकचे झाड पाहिलेले नसते, वाईन चाखलेली नसते. पण माना डोलतात. रूपक न कळताही पटते, तेव्हा ते जास्त धोकादायक असते.

आम्ही परभणी जिल्ह्यात मराठी वाचणारी आणि शिकवणारी माणसे. आमचे भांडण वाईनशी नाही. ओकशी तर नाहीच. भांडण आहे ते या रूपकाच्या भाबडेपणाशी. ज्यांनी ते वापरायला घेतले, त्यांनी पिंपाचा इतिहास पाहिलेला दिसत नाही. पाहिला असता तर त्यांच्या ध्यानात आले असते, की ओकच्या पिंपाची गोष्ट ही काळाची गोष्ट नव्हे. ती पात्राची गोष्ट आहे. आणि पात्राचा विषय निघाला, की पात्र कोणाच्या मालकीचे, त्याचे पैसे कोणी मोजले आणि त्याचा वास कोणी 'सुगंध' ठरवला, हे प्रश्न टाळता येत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच, की हे प्रश्न विचारल्याशिवाय 'मुरलेले' हा शब्द समीक्षेत वापरू नये.

१

आधी शब्दाकडे पाहू. 'पिंप' किंवा 'पीप' हा शब्द मराठीत पोर्तुगीज 'पीपा'वरून आला. बटाटा, पगार, चावी, घमेले यांच्याच गलबतातून तो उतरला. पोर्तुगीजांचे पीपा म्हणजे जहाजावर वाईन वाहून नेण्याचे लाकडी भांडे. मराठीने भांडे घेतले, वाईन घेतली नाही. आज परभणी, जिंतूर, पालम या भागांत 'पिंप' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते टँकरच्या वाटेवर रांगेत मांडलेले पत्र्याचे वा निळ्या प्लास्टिकचे पिंप. त्यातले पाणी मुरावे अशी कोणाची अपेक्षा नसते. ते शिळे होण्याआधी संपते. 'ओक' या शब्दाचे तर विचारूच नका. मराठी कानाला त्यातून आधी एक आडनाव ऐकू येते आणि मागोमाग एक क्रियापद; झाड तिसऱ्या क्रमांकावर. दक्षिण भारतात ओक आपणहून उगवत नाही. हिमालयात त्याचे भाऊबंद आहेत, उत्तराखंडात त्यातल्या एकाला 'बांज' म्हणतात. पण सह्याद्री किंवा बालाघाटाच्या डोंगरांत त्याची सावली कोणावर पडलेली नाही. परकीय असणे हा दोष नव्हे, हे खरे. पण जे झाड आपल्या भाषेत अजून नीट रुजलेले नाही, त्याच्या लाकडावरून आपण आपल्या पुस्तकांची प्रतवारी करू लागतो, तेव्हा थोडे थांबून विचार करणे बरे.

२

या रूपकाचा पहिला गैरसमज असा, की उंची वाईन आणि ओक यांचे नाते अनादि आहे. तसे ते नाही. प्राचीन भूमध्य समुद्राच्या काठी वाईन मातीत राहात होती. अँफोरा हे दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे मातीचे भांडे; झिरपू नये म्हणून आतून राळेचा लेप दिलेले. आपल्याकडे रोमन वाईन आली ती याच भांड्यांतून. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाईन आहे, आणि इटलीच्या वाईनला पसंती होती असेही नोंदवलेले आहे. त्याच ग्रंथात देशावरच्या बाजारपेठा म्हणून पैठण आणि तेर या गावांची नावे येतात. गोदावरी पैठण सोडून खाली येते ती पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या आमच्या तालुक्यांतून. नेवाशाच्या उत्खननात अँफोरांची खापरे मिळाली. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले, की भारतात रोमन म्हणून नोंदवलेल्या अशा खापरांपैकी बरीच मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबर लावलेल्या लांबट रांजणांची आहेत. रोमन असोत वा मेसोपोटेमियन, ती माती होती. गोदावरीच्या खोऱ्याने बाहेरची वाईन प्रथम पाहिली ती मातीच्या पोटात. लाकडाचा त्यात संबंध नव्हता.

लाकडी पिंपे बांधण्याची कला उत्तरेकडची, गॉल लोकांची. आल्प्सच्या परिसरातले लोक वाईन लाकडी भांड्यांत ठेवून त्यांना कड्या आवळतात, असे प्लिनीने पहिल्या शतकात कुतूहलाने लिहून ठेवले आहे. रोमनांनी हे पिंप उचलले ते चवीसाठी नव्हे. अँफोरा जड, ठिसूळ आणि उभा राहायला आधार मागणारा. उलट पिंप आडवे केले की एक माणूस ते घरंगळत नेऊ शकतो. तिसऱ्या शतकापर्यंत रोमन साम्राज्याच्या मोठ्या भागात पिंपाने मातीची जागा घेतली. ओकचीच निवड का झाली, याचीही कारणे सुताराची आहेत, रसिकाची नाहीत. हे लाकूड कणखर, पण शेकल्यावर वाकणारे. त्याच्या रसवाहिन्या आतून बुजलेल्या असतात, त्यामुळे गळती कमी. आणि युरोपात ते विपुल. थोडक्यात, पिंप हे त्या काळाचे बारदान होते.

बारदान गादीवर बसले की ते भूतकाळही बदलते. डायोजेनिस हा ग्रीक तत्त्ववेत्ता 'पिंपात' राहात असे, हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचले आहे. युरोपच्या चित्रकारांनी त्याला कड्या ठोकलेल्या लाकडी पिंपात बसवलेही आहे. प्रत्यक्षात त्याचे घर म्हणजे पिथोस, मातीचा भलामोठा रांजण. नंतरच्या युरोपला साठवणीचे भांडे म्हणजे लाकडी पिंप एवढेच ठाऊक उरले, म्हणून त्याने आपल्या पूर्वजाच्या रांजणालाही लाकूड चढवले. आणि इंग्रजीमागून चालत आपणही ते पिंप मराठीत आणले. हिरॉडॉटसच्या एका वाक्याचीही अशीच गंमत आहे. बाबिलोनकडे जाणाऱ्या नावांतून 'खजुराच्या लाकडाची, वाईनने भरलेली पिंपे' जात, की 'खजुराच्या दारूने भरलेले रांजण' जात, यावर अभ्यासकांत मतभेद आहे. खजूर पात्रात घालायचा की पेयात, हा प्रश्न व्याकरणाचा दिसतो. पण तो पाहणाऱ्याच्या सवयीचाही आहे. ही खजुराची गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिच्याच जातीचे एक झाड आमच्या जिल्ह्यात भेटणार आहे.

३

दुसरा गैरसमज अधिक मोठा. पिंपामुळे वाईन मुरू लागली असे आपण धरून चालतो. इतिहास जवळजवळ उलटे सांगतो. जुन्या वाईनचे कौतुक रोमनांना होते. इसवी सनापूर्वी १२१ या वर्षीची ओपिमियसच्या नावाने ओळखली जाणारी वाईन तर पिढ्यान् पिढ्या मिरवली गेली. पण ती वाईन राळेने बंद केलेल्या मातीच्या अँफोरांत जपलेली होती. पिंप आले आणि ही परंपरा खंडित झाली. लाकूड श्वास घेते. त्यातून हवा आत जाते, वाईन थोडी थोडी उडून जाते, पिंप रिकामे होत जाते तशी उरलेली आंबट होते. ऱ्हाईनकाठच्या गोड वाईनसारखे काही अपवाद सोडले, तर मध्ययुगीन युरोपात वाईन वर्षभरात संपवायची वस्तू होती. इंग्लंडच्या बंदरात नव्या हंगामाची वाईन उतरली, की गेल्या वर्षीच्या वाईनचा भाव कोसळत असे. 'जुने ते सोने' या न्यायाला त्या बाजारात गिऱ्हाईक नव्हते. पुढे डच व्यापाऱ्यांनी पिंपात गंधकाची वात जाळण्याची रीत रूढ केली, सतराव्या-अठराव्या शतकांत जाड काचेची बाटली आणि बुचाचे झाड यांची जोडी जमली, तेव्हा कुठे वाईनला पुन्हा म्हातारपण मिळाले. म्हणजे जिला आपण सनातन परंपरा समजतो, ती बाटली, बूच आणि गंधक यांच्या कृपेने आलेली तुलनेने अलीकडची सोय आहे.

आणि ओकच्या चवीचे काय? तेही पाहू. ओकच्या फळ्या उघड्यावर दोन-तीन वर्षे ऊनपावसात ठेवतात, मग आगीवर शेकून वाकवतात. या शेकण्यातून लाकडात व्हॅनिलाचा गंध देणारे द्रव्य जागे होते. लवंगेत असते तेच युजेनॉल ओकमध्येही असते. अमेरिकन ओकमध्ये खोबऱ्याची आठवण देणारे घटक अधिक असतात. फार शेकले तर धूर आणि कॉफी. बोर्डोचे पिंप २२५ लिटरचे असते, आणि एका मोठ्या झाडातून अशी साधारण दोन पिंपे निघतात. पहिल्या भरतीला पिंप सर्वांत जास्त बोलते. तीन-चार भरतींनंतर ते मुके होते. मुके पिंप पुढेही कामाचे असते. त्याच्या फटींतून येणारी बेताची हवा वाईनचा रंग स्थिर करते, तुरटपणाची धार बोथट करते. ओकचे हे खरे उपकार आहेत आणि ते नाकारण्याचा आमचा हेतू नाही. पण आज दुकानात ज्याला 'ओकची चव' म्हणून किंमत येते, ती या मूक कामाची नसून नव्या पिंपाच्या बडबडीची असते. मोजक्या श्रीमंत मळ्यांच्या बाहेर नवे पिंप वापरणे दीर्घकाळ ना परवडत होते ना आवडत होते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत मात्र नव्या ओकची जगभर साथ आली. १९७८ पासून वार्तापत्र काढणारा अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर वाईनला १०० पैकी गुण देऊ लागला, आणि त्याच्या जिभेकडे पाहून वाईन घडवल्या जातात असा आरोप होऊ लागला. शंभरपैकी गुण देणाऱ्या समीक्षकाने उत्तरपत्रिकाच कशी बदलून टाकली, हे आम्हा शिक्षकांना वेगळे समजावून सांगायला नको.

या साथीचा शेवटचा अंक प्रहसनाचा आहे. नवी पिंपे महाग, म्हणून पोलादी टाक्यांत ओकचे तुकडे टाकून तीच चव आणण्याची युक्ती निघाली. २००६ साली युरोपीय संघानेही आपल्या उत्पादकांना तिची मुभा दिली. म्हणजे ना पिंप, ना काळ, ना मुरणे. पिशवीत बांधलेला भुसा, आणि बाटलीतून येणारा वंशपरंपरेचा वास.

या विषयावर एक चांगली गोष्ट १८४६ सालीच लिहिली गेली आहे. एडगर अॅलन पो याच्या 'द कास्क ऑफ अमोन्तिलादो'मध्ये एक रसिक माणूस दुर्मीळ वाईनच्या पिंपाचे नाव ऐकून, आपली जीभ दुसऱ्यापेक्षा जाणती आहे हे सिद्ध करण्यासाठी, तळघराच्या पायऱ्या उतरत जातो आणि भिंतीत चिणला जातो. संपूर्ण कथेत ते पिंप कोणालाही दिसत नाही. नुसते नाव पुरते. वर्गात ही कथा सूडकथा म्हणून शिकवली जाते; ती जाणकारीच्या अहंकाराची कथा म्हणूनही शिकवावी.

४

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. द्राक्षाच्या वाईनसाठी परभणीला कोणी ओळखत नाही. येथील विद्यापीठाने, १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईकांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने, 'परभणी मोती' आणि 'परभणी ज्योती' ही नावे दिली ती ज्वारीच्या वाणांना. ज्वारीचे जुने पात्र म्हणजे पेव. जमिनीत खोल खणलेले, पोटाला रुंद आणि तोंडाला अरुंद, कडबा वा भुसा लावून भरलेले, वरून मातीने बंद केलेले. आत धान्य श्वास घेते, कोंडलेल्या हवेत कर्बवायू साठतो, त्यात किडे मरतात आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतते. या कोठारात विज्ञान आहे, काळ आहे, धोका आहे. तळघरात असते ते सारे आहे.

आणि वासही आहे. पेवाच्या भिंतीला लागलेले धान्य काळवंडते, त्याला ओल्या मातीचा, कोंडल्या हवेचा वास लागतो. ते वेगळे काढले जाते. त्या ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला तो वास ओळखू येतो. पण त्याला आपण 'वास' म्हणतो, 'गंध' म्हणत नाही. येथे आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. पात्राने आतल्या वस्तूला दिलेला वास फ्रान्सच्या तळघरात गुण ठरतो आणि मराठवाड्याच्या पेवात दोष ठरतो, तो कशामुळे? काळामुळे नव्हे, काळ दोन्हीकडे आहे. एकाच्या वासासाठी शब्दकोश आहे, पदव्या आहेत, गुणपत्रिका आहे, गिऱ्हाईक आहे. दुसऱ्याच्या वासासाठी फक्त भुकेचे दिवस आहेत. फरक आहे तो एवढाच. कोणी म्हणेल, पेवाचा वास खरोखरच वाईट. असेल. पण नव्या लाकडाचा जळका, तुरट वास एकेकाळी वाईट समजला जातच होता, याचा विसर पडू देऊ नये.

आमच्याकडचे दुसरे उदाहरण शिंदीचे. शिंदीचे झाड म्हणजे खजुराचे रानटी भावंड. इथे झाड पात्र होत नाही, झाडच पेय देते. खोडाला छेद द्यायचा, मडके बांधायचे, सकाळी उतरवायचे. रस चढत्या उन्हाबरोबर आंबतो आणि दुसऱ्या दिवशी हातचा जातो. शिंदीला मुरणे ठाऊक नाही. तिचे सारे मोल ताजेपणात. निजामाच्या राज्यात आबकारी हे महसुलाचे मोठे साधन होते, म्हणून १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा लढ्याचा एक कार्यक्रम झाला. त्याच्या उलट चित्र फ्रान्सचे. तिथे त्रोंसेचे ओकवन सतराव्या शतकात कोल्बेर या मंत्र्याने आरमाराच्या लाकडासाठी राखले, जहाजे लोखंडी झाल्यावर तेच वन पिंपांसाठी नावाजले गेले. एक झाड राजाविरुद्ध कापले गेले, दुसरे राजाच्या हुकमाने वाढले. एकाचे पेय 'शिंदी पिऊन पडला' या शिवीत उरले, दुसऱ्याची फळी रसिकतेचे प्रमाणपत्र झाली.

पुढचा कायदेकानूंचा इतिहास याच वळणाने गेला आहे. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, वाईनला सवलती दिल्या, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क योजले. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांतून वाईनविक्रीचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद आपण ऐकला. ताज्या शिंदीत मद्यार्क साधारण ४-५ टक्के, वाईनमध्ये १२ ते १४. रसायनशास्त्राला विचारले तर त्या युक्तिवादाचे उत्तर एका ओळीत मिळते. दारूने मोडलेले संसार आम्ही आमच्या वर्गातल्या मुलामुलींच्या चेहऱ्यांवर वाचतो. त्यामुळे शिंदीची वकिली करण्याचा किंवा कोणाला पिण्याचे आमंत्रण देण्याचा आमचा मुळीच विचार नाही. आम्हाला फक्त एवढेच दाखवायचे आहे, की एकाच गोष्टीला 'दारू' आणि 'संस्कृती' ही दोन नावे पडतात तेव्हा मधली भिंत बहुधा पात्राची असते.

५

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला: मुरण्याचे कौतुक आपल्याही परंपरेत आहे, आसव-अरिष्टे जुनी झाली की अधिक गुणी होतात असे शार्ङ्गधरसंहिता मानते, मग ओकवरच राग का? उत्तर असे, की त्या परंपरेत पात्राची वागणूक निराळी आहे. द्राक्षासवासाठी घट निवडताना त्याला आतून तूप माखतात, धुरी देतात, धायटीची फुले आंबण्यासाठी घालतात, तोंड बंद करून घट धान्याच्या राशीत किंवा मातीत पुरतात. तूप माखायचे ते मातीने बोलू नये म्हणून. आधुनिक कारखान्यांत सागवानी पिंपेही वापरतात, पण कोणा वैद्याने सागाच्या चवीसाठी द्राक्षासव लिहून दिल्याचे ऐकिवात नाही. पात्र महत्त्वाचे, पण ते स्वतःची जाहिरात करीत नाही.

दुसरा आक्षेप: द्राक्षाच्या शिराज, काबर्ने या जातीही परक्याच, मग लाकूड परके म्हणून तक्रार कशाला? आमची तक्रार परकेपणाची नाहीच. नाशिकच्या सुलाची 'दिंडोरी रिझर्व्ह' ही शिराज ओकमध्ये मुरवलेली आहे. नाव दिंडोरीच्या मातीचे, वेल विलायती, लाकडाचे संस्कार दूरच्या वनाचे. यात गैर काही नाही. जगातली बहुतेक चांगली वस्तू अशा संकरातूनच होते. गैर तेव्हा होते, जेव्हा चाखणारा म्हणतो, 'अहाहा, काय मातीचा सुगंध!' आणि तो लवंग-व्हॅनिलाचा सुगंध असतो. लाकडाचे श्रेय मातीला देणे हीच या विषयातली खरी चूक, आणि हीच चूक आपण पुस्तकांच्या बाबतीत रोज करतो.

६

मराठी ग्रंथाचे मलपृष्ठ पाहा. 'मातीतून उगवलेला अस्सल अनुभव' हे वाक्य हमखास असते. पुस्तक उघडले की दिसते, अनुभव मातीतला असेल, पण वाक्ये पुण्या-मुंबईच्या नियतकालिकांनी, प्रमाणभाषेच्या रंध्याने आणि संपादकाच्या आवडीने वाकवलेल्या फळ्यांत बसवलेली आहेत. त्या पिंपाने लेखनाला काही दिलेही असेल; शिस्त दिली असेल, टिकाऊपणा दिला असेल. पण मग तसे म्हणा. पिंपाचे ऋण पिंपाच्या नावावर मांडा. त्याहून वाईट प्रकार म्हणजे भुशाची पिशवी. प्रमाण मराठीत लिहिलेल्या गद्यात 'बाप्पा', 'लेका', 'कामून' असे पाच-सहा तुकडे बुडवून 'मराठवाडी' चव आणणाऱ्या कथा आणि मालिका आपण वाचल्या-पाहिल्या आहेत. पोलादी टाकीत ओकचे तुकडे टाकणारा कारखानदार आणि हा लेखक यांच्यात आम्हाला तरी फरक दिसत नाही.

उलट बाजूला, ज्या लेखनाला असे पिंप मिळाले नाही ते 'कच्चे' ठरते. बी. रघुनाथ १९१३ साली जन्मले, १९५३ साली परभणीत वारले; उर्दूच्या सरकारी छत्राखाली नोकरी करीत त्यांनी मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. चाळीस वर्षांच्या त्या आयुष्यात मुरायला फुरसत कुठे होती? त्यांच्या लेखनाची ताकद तिच्या तातडीत आहे, आणि तातडी मोजायला आपल्या मुरण्याच्या मापात खूणच नाही. गंगाखेडची जनाबाई घ्या. तिचे अभंग आपल्या हाती आले ते नामदेवाच्या गाथेच्या पोटातून. त्या पात्राने तिला जपले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण नामदेवाची दासी या ओळखीचा रंगही तिला त्या पात्रातच अधिक गडद चढला, हेही वर्गात सांगितले पाहिजे. पात्र वाचले नाही तर जनाबाई वाचून होत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आम्हालाही झाला. पण त्यानंतरच्या भाषणांत भाषेच्या थोरवीचा सगळा पुरावा तिच्या वयात शोधला गेला. प्रतिष्ठानच्या सातवाहनांच्या काळातली गाथासप्तशती आपल्या प्राचीनतेची साक्ष म्हणून उभी केली गेली, ते योग्यच. मात्र त्या गाथांतली शेते, नद्या, भांडणे, चोरट्या भेटी यांचे मोल त्या दोन हजार वर्षे टिकल्या म्हणून नाही. त्या लिहिल्या त्या दिवशीही त्या तितक्याच चांगल्या होत्या. काळाने त्यांत व्हॅनिला मिसळलेला नाही. काळ फक्त वस्तू राखतो किंवा नासतो. चव देतो ते पात्र, आणि पात्र माणसे घडवतात, विकत घेतात, एकमेकांना नाकारतात.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे. एखादे पुस्तक 'मुरलेले' आहे असे कोणी म्हणाले, तर तीन प्रश्न विचारा: कशात मुरले, ते पात्र कोणाचे, आणि पात्राने त्यात काय मिसळले? उत्तर मिळाले तर कौतुक खुशाल करा. मिळाले नाही, तर समजा की समोरच्याने वाईन चाखलेली नाही, नुसते लाकूड हुंगले आहे. आणि शिक्षकांना, म्हणजे आम्हाला स्वतःलाही, सांगणे असे: उत्तरपत्रिकेतले एखादे ओबडधोबड, ताजे, आजच्या आज उतरवलेले वाक्य 'अपरिपक्व' म्हणून खोडण्याआधी ते एकदा वाचून पाहा. काही रस त्याच सकाळी प्यायचे असतात. दुसऱ्या दिवसासाठी ठेवले, तर दोष रसाचा नसतो.